गोरिवल्यांचा डेटा

“पाच मिनिटंसुद्धा नाही?” मी विचारलं.

“नाय साहेब,” महिपत गोरिवले म्हणाले. “पाच मिनिटं दिली की ती पाच राहत नाहीत. बत्तीस वर्षांचा अनुभव आहे.”

लुझर्नच्या तळ्याकाठी आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. समोर तो फुलांनी मढवलेला जुना लाकडी पूल, पाठीमागे बर्फाचे डोंगर आणि माझ्या फोनमध्ये डेटा शून्य. आमच्या शाळेच्या ग्रुपवर हा पूल आत्ताच्या आत्ता गेला पाहिजे असं मला फार वाटत होतं. दहा दिवसांचा पॅक मी चार दिवसांत संपवला होता. खरं सांगायचं तर मी नव्हे, त्या ग्रुपनेच संपवला. सत्त्याहत्तर सालच्या बॅचचे चाळीस म्हातारे रोज पहाटे एकमेकांना सूर्योदय, गुलाब आणि गुडघेदुखीवरचे व्हिडिओ पाठवतात, आणि ते सगळं माझ्या फोनमध्ये आपोआप उतरत होतं, हे मला पाचव्या दिवशी कळलं.

“तुमच्या फोनवरून हॉटस्पॉट द्या, एक फोटो जाईल फक्त.”

“हॉटेलात गेलो की वायफाय हाय ना. तिथनं पाठवा. फोटो काय शिळा होत नाय.”

मी तोंड फिरवून तळ्याकडे बघत बसलो. इतका चिक्कू माणूस मी पाहिला नव्हता.

मी अच्युत देवस्थळी, ठाण्याच्या टेंभी नाक्याचा. विमा कंपनीत पस्तीस वर्षं लोकांचे दावे तपासले, त्यामुळे माणसांविषयी चटकन बरं वाटून घ्यायची सवय राहिलेली नाही. गोरिवले कल्याणजवळच्या आंबिवलीचे, पालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या बायकोचे दोन्ही गुडघे टूरच्या दीड महिना आधी बदलावे लागले, म्हणून ती आली नाही. माझी बायको तीन वर्षांपूर्वी गेली. तेव्हा टूरवाल्यांनी आम्हा दोघांना एका खोलीत घातलं. पहिल्या रात्रीच मला त्यांच्या फोनच्या पाठीला चिकटवलेली पांढरी पट्टी दिसली. इंजेक्शननंतर लावतात तसली. तिच्यावर बॉलपेनने लिहिलेलं होतं, ‘स. ७.१० ते ७.१३. दु. १.०० ते १.०२. बाकी बंद.’

“हे काय?” मी विचारलं होतं.

“टायमिंग. डेटा सोडायचं.”

गोरिवले पाणी सोडणारे होते. माणसाच्या उंचीची लोखंडी चावी रस्त्यातल्या खड्ड्यात घालायची, व्हॉल्व्ह फिरवायचा, एका भागाचं पाणी सुरू करायचं, दुसऱ्याचं बंद करायचं, असं बत्तीस वर्षं. घड्याळ लावून उठणारा माणूस. फोनचा डेटासुद्धा ते तसाच सोडत आणि तसाच बंद करत. मुलाने, विनीतने, त्यांना निघण्यापूर्वी सगळं शिकवलं होतं. नकाशे घरूनच उतरवून आणलेले, व्हॉट्सअ‍ॅपवरचं काही आपोआप उतरणार नाही अशी सोय केलेली, फोटो पाठवायचे ते हॉटेलच्या वायफायवरून. फक्त एक गोष्ट बिचारा सांगायला विसरला. झुरिकला उतरल्यावर ‘पोचलो’ एवढं कळवायला गोरिवल्यांनी डेटा सुरू केला आणि फोनमधली सगळी अ‍ॅप्स एकदम नवी व्हायला लागली. बसपर्यंत येईतो एक जीबीपैकी आठशे एमबी साफ.

“मेन लाईन फुटल्यासारखं गेलं साहेब,” ते मला म्हणाले होते. त्या रात्री ते जेवले नाहीत. विनीत दुसरा पॅक मारून देतो म्हणाला, तर त्यालाही नकार. वाया घालवणाऱ्याला वाढवून मिळत नसतं, असं त्यांचं म्हणणं.

आता हे सगळं मला आठवलं, पण राग काही गेला नाही. मी उठलो आणि गावात शिरलो. गोरिवले मागून आलेच.

गल्लीच्या तोंडाशी एक चौक होता आणि चौकात दगडी हौद. मधल्या खांबाला चार पितळी नळ, चारही नळांतून मनगटाएवढ्या धारा. खाली हौद काठोकाठ भरलेला, वरून वाहणारं पाणी गटारात. आमचा टूर मॅनेजर दर्शन, डोंबिवलीचा पोरगा, तिथे बाटली भरत उभा होता.

“प्या काका, पिण्याचंच आहे. गावभर असे हौद आहेत.”

गोरिवले प्यायले नाहीत. आधी त्यांनी हौदाला एक फेरी मारली, मग दुसरी. मग वाकून खालच्या फरशा चाचपल्या. चेंबरचं झाकण शोधत होते म्हणे. शेवटी गुडघ्यावर बसले आणि खांबाला कान लावला. दोन जपानी मुली थांबून बघायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“लायनीत हवा नाय,” गोरिवले डोळे मिटून म्हणाले. “प्रेशर एकसारखं. बंद कोण करतं रे हे?”

“कोणीच नाही.”

“रात्री?”

“रात्री पण चालूच असतं काका.”

गोरिवले उठले. डोक्यावरची माकडटोपी त्यांनी काढली, हातात धरली आणि तसेच उभे राहिले. देवळात दार उघडण्याची वाट बघत माणसं उभी असतात ना, तसे. त्यांची नजर धारेवरून हलत नव्हती. मग त्यांनी ओंजळ पुढे केली, प्यायले, आणि ओल्या हाताने तोंड पुसून मला म्हणाले, “तुम्ही रागावलात ना मघाशी?”

“छे, छे.”

“रागावलात. सगळेच रागावायचे. आमची चाळ चढावर, साहेब. लाईनच्या शेपटाला. खालचे भरून झाले की वर धार यायची ही करंगळीएवढी. आणि पाणी सोडणारा मी. लोक म्हणायचे, मालन, तुला काय, नवराच पाणीवाला. पण घरच्या लायनीला कधी एक मिनिट जास्त दिलं नाय मी.”

“तत्त्वाचे आहात.”

“ऐका तर. माझी आई गेली तेव्हाची गोष्ट. तेराव्याला घरात शंभर माणूस. मालननं विनीतला माझ्याकडे पळवलं, म्हणाली, पप्पांना सांग दहा मिनिटं वाढवा, अर्धं पिंप बी भरलं नाय. मी चावी लावूनच उभा होतो. वाढवलं असतं तर कोणाला कळलंसुद्धा नसतं. पण तेवढं शेजारच्या मोहने गावाचं तुटलं असतं. मी बंद केलं.”

“मग?”

“मग काय. मालननं नदीवरनं आणलं. डोक्यावर दोन, कमरेला एक. संध्याकाळपर्यंत खेपा घालत होती. मला एक शब्द बोलली नाय. जेवायला बसलो तर माझ्या पानाशेजारी तांब्या भरून ठेवलेला. आता डॉक्टर म्हणतात, वयानं झिजलेत गुडघे. मी ऐकून घेतलं.”

दाव्यांच्या फायलींमध्ये अशा नुकसानीला रकाना नसतो.

मग त्यांनी सांगितलं की ते दोनशे एमबी कशासाठी राखून ठेवलेत. टूरच्या पत्रकात ऱ्हाइन नदीचा धबधबा होता, युरोपातला सगळ्यात मोठा म्हणून. निघताना मालनबाईंनी नवऱ्याकडे एवढंच मागितलं होतं, की तो धबधबा चालू असताना दाखवा. रेकॉर्ड केलेला नको. टीव्हीवर धबधबे पुष्कळ बघितलेत; तुम्ही उभे असाल तिथलं, त्याच वेळचं पाणी मला बघायचंय. धबधब्यापाशी वायफाय मिळेल की नाही याचा भरवसा नव्हता. दोनशे एमबीत व्हिडिओ कॉल वीसएक मिनिटं चालतो असं विनीतचं गणित.

“आयुष्यात एकच गोष्ट मागितलीय तिनं,” गोरिवले म्हणाले. “म्हणजे दुसरी. पहिली ती दहा मिनिटं.”

रात्री हॉटेलच्या वायफायवरून मी पुलाचा फोटो ग्रुपवर टाकला. सहा जणांनी अंगठे दिले.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये दर्शनने माइक हातात घेतला. “मंडळी, छोटासा चेंज. धबधबा दुपारी होता, तो आपण आधी करतोय. पावणेअकराला पोचू, साडेअकराला बस सुटणार. नंतर चॉकलेट फॅक्टरी, तिथली वेळ घेतलेली आहे, प्लीज लेट करू नका.”

लेट करू नका हे वाक्य आल्यावर दर्शनने माझ्याकडे कौतुकाने बघितलं, कारण गेले सहा दिवस उशिरा येणाऱ्यांवर सगळ्यात जास्त ओरडणारा मीच होतो. गोरिवल्यांनी ताबडतोब डेटा सोडला, घरी निरोप टाकला, ‘११ वा. इथले, म्हणजे तिथले अडीच, तयार राहा’, आणि डेटा बंद केला. बोटावर मोजून चार सेकंद.

धबधबा दिसायच्या आधी ऐकू येतो. पार्किंगमध्ये उतरलो तेव्हाच पायाखालची जमीन बारीक थरथरत होती. पायऱ्यांवरून खाली वळलो आणि समोर ती नदी आडवीच्या आडवी कोसळताना दिसली. आपल्याकडचे धबधबे वरून खाली पडतात. हा रुंदीने पडतो. अख्खी नदी एका दमात उठते, पांढरी होते आणि स्वतःला झोकून देते. मधोमध एक सुळका उभा, त्याच्या दोन्ही अंगांनी पाणी. मी देव फारसा न मानणारा माणूस. पण मला हात जोडावेसे वाटले. मी जोडले नाहीत, कारण शेजारी लोक होते, आणि त्याची आजही रुखरुख वाटते.

“सेकंदाला सहा लाख लिटर,” दर्शन ओरडून सांगत होता. “आत्ता सीझनमध्ये!”

गोरिवल्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, काही स्तोत्र वगैरे म्हणताहेत. मग त्यांनी माझा दंड धरला. “साहेब, आपल्या कल्याण-डोंबिवलीला दिवसाचं जेवढं पाणी लागतं ना, तेवढं हे दहा मिनिटांत सोडतंय. दहा मिनिटांत!”

अकराला त्यांनी फोन काढला, डेटा सोडला, कॉल लावला. घंटी वाजत राहिली. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच. सुनेला, संचिताला लावला, तिनेही उचलला नाही. गोरिवल्यांनी डेटा बंद केला. त्यांचा चेहरा उतरला. ऑपरेशन झालेली बायको घरात, आणि दोन्ही फोन वाजताहेत. माझ्याही मनात नको ते आलं.

“झोपल्या असतील,” मी म्हणालो.

“आज वार काय?”

“मंगळवार.”

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “पाणी आलंय! मंगळवारची आमची पाळी दुपारची. सव्वादोन ते तीन. मीच लावलेली पाळी, साहेब, रिटायर होईस्तोवर मीच सोडायचो. आणि मीच विसरलो.”

“पण पाणी आलं म्हणून फोन उचलायला काय होतंय?”

त्यांनी माझ्याकडे दयेने बघितलं. “ठाण्यात राहता तुम्ही. पाणी चालू असताना फोन उचलला तर ती मालन नव्हं.”

हिशेब सरळ होता. तिथले तीन म्हणजे इथले साडेअकरा. ज्या मिनिटाला आंबिवलीचं पाणी जाणार, त्याच मिनिटाला आमची बस सुटणार. गोरिवले शांतपणे म्हणाले, “चला. हॉटेलात गेल्यावर फोटो दाखवीन.” आणि पायऱ्या चढायला लागले. बत्तीस वर्षं वेळेवर चावी फिरवलेला माणूस वेळेच्या विरुद्ध काही मागेल, हे शक्यच नव्हतं.

“तुम्ही इथेच थांबा,” मी म्हणालो. “बघतो मी.”

आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्याच्या दाव्याची बाजू मांडायला निघालो होतो. बसपाशी आलो तर सव्वाअकरा होऊन गेलेले, आणि उशीर नको म्हणून सगळी मंडळी आत बसलेली. पाकीट हरवलंय असं सांगायचं मी ठरवलं होतं. पण पस्तीस वर्षं लोकांची खोटी कारणं ऐकलेल्या माणसाला स्वतः खोटं बोलताना जीभ रेटेना. मी दारातच उभा राहून खरं ते सांगून टाकलं.

“बस थांबवावी लागेल. गोरिवल्यांना बायकोला धबधबा दाखवायचाय, पण त्यांच्या घरी पाणी आलंय.”

मला वाटलं, लोक हसतील. आमच्या बसमध्ये मुलुंडपासून बदलापूरपर्यंतची माणसं होती. एकही हसलं नाही. सगळ्यांचे चेहरे एकदम गंभीर झाले.

“कितीपर्यंत असतं त्यांच्याकडे?” कळव्याच्या शालनताईंनी मागच्या सीटवरून विचारलं.

“तीनपर्यंत.”

“म्हणजे साडेअकरा. वर दहा मिनिटं धरा, पाइप गुंडाळायचे असतात.”

“आणि पिंपावर झाकणं,” कुणीतरी म्हणालं.

“अहो पण सर, फॅक्टरीची वेळ...” दर्शन बोलायला लागला आणि मध्येच थांबला. मग त्याने ड्रायव्हरला हाताने खूण करून इंजिन बंद करायला लावलं. “माझी आई पण पाण्याच्या टायमाला फोन उचलत नाही,” तो म्हणाला. “जा तुम्ही. बघतो मी चॉकलेटचं.”

मी या वयात त्या पायऱ्या जवळजवळ पळत उतरलो. गोरिवले वरच्या कठड्यापाशी फोन छातीशी धरून उभे होते. अकरा एकोणचाळीसला त्यांनी पुन्हा डेटा सोडला. दुसऱ्याच घंटीला चित्र आलं. दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या मालनबाई, शेजारी वॉकर, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले.

“अहो, पाणी आलेलं!”

“म्हाईत आहे. भरलं का सगळं?”

“भरलं. संचितानं भरलं, मी नुसती पाइप धरून बसलेली. तुमचं जेवण झालं?”

“मालन, बघ,” गोरिवले म्हणाले आणि त्यांनी कॅमेरा फिरवला.

संचिता मागे येऊन उभी राहिली. मग शेजारच्या बायका आल्या, ओल्या हातांच्या, कुणाच्या खांद्यावर अजून पाइप. त्या एवढ्याशा पडद्यात आठ-नऊ तोंडं दाटली आणि सगळी गप्प.

“एवढं पाणी,” मालनबाई शेवटी म्हणाल्या, “आणि भरायला कुणीच नाय?”

“कुणी नाय.”

“टायमिंग काय ह्याचं?”

“टायमिंग नाय मालन. चालूच असतं. आपण जन्मायच्या आधीपासनं चालू आहे.”

“अगं बाई,” त्या हळूच म्हणाल्या.

मी घड्याळाकडे बघत होतो. दहा मिनिटं झाली, बारा झाली. संचिता म्हणाली, “पप्पा, ठेवा आता, डेटा संपेल तुमचा. अजून चार दिवस आहेत.”

“संपू दे.”

“अहो, बस थांबली असेल तुमची,” मालनबाई म्हणाल्या. “बंद करा.”

गोरिवल्यांनी फोन स्वतःकडे वळवला. धबधब्याच्या आवाजात त्यांना ओरडून बोलावं लागत होतं, आणि ते ओरडूनच बोलले. आजूबाजूचे गोरे लोक वळून बघायला लागले तरी त्यांना पर्वा नव्हती. “आज मी बंद करणार नाय, मालन! कळलं? तू बघ. मी बंद करणार नाय!”

मालनबाई त्यावर काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. गोरिवले फोन घेऊन सगळ्यात खालच्या सज्ज्यावर उतरले, जिथे पाणी हाताच्या अंतरावरून जातं आणि माणसाला स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही. मी त्यांच्या मागे गेलो. त्यांनी दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि फोनचा कॅमेरा पाण्याकडे करून धरला, तिला चांगलं दिसावं म्हणून. पडद्याची बाजू माझ्याकडे होती. मी पाहिलं, मालनबाईंनी दोन्ही हात जोडले होते. ओले हात. त्यांचे ओठ हलत होते. गोरिवल्यांना ते दिसत नव्हतं. ते पाण्याकडे बघत होते.

मग चित्र अडकलं. जोडलेले हात तसेच थिजले, मधे एक गोल फिरत राहिला, आणि पडदा काळा झाला. डेटा संपला होता.

मी हात पुढे केला, त्यांच्या खांद्याला लावणार होतो. पण लावला नाही. तुषारांनी आम्ही दोघंही भिजत होतो. वर बस थांबलेली होती, आणि चाळीस माणसं वाट बघत होती. गोरिवले हात खाली घेत नव्हते. मधूनमधून फोन थोडा डावीकडे न्यायचे, थोडा उजवीकडे, तिचं काही बघायचं राहू नये म्हणून.